मांडवातल्या फोटोंवर पट्टे का येतात आणि ते कसे घालवायचे

लालबागला किंवा खेतवाडीत तासन्‌तास रांग लावून मूर्तीसमोर पोहोचावं, हातात जेमतेम दहा सेकंद मिळावेत, आणि घरी येऊन फोटो उघडले की प्रभावळीवरून, सोंडेवरून काळपट-पिवळसर पट्टे गेलेले दिसावेत. मन खट्टू होतं, कारण ते दर्शन पुन्हा वर्षभराने. सेन्सर गेला असं वाटतं, मग लेन्स पुसून होते, फोन रीस्टार्ट होतो, कोणी सर्व्हिस सेंटरलाही नेऊन आणतं. दुसऱ्या दिवशी उन्हातले फोटो स्वच्छ येतात आणि पुढच्या मांडवात पुन्हा तेच.

कॅमेरा बिघडलेला नसतो. दिवे लुकलुकत असतात आणि शटरचा वेग (म्हणजे सेन्सर उजेड घेतो तेवढा वेळ) त्या लुकलुकण्याशी जुळलेला नसतो. तो जुळवला की पट्टे जातात. मुंबईत बहुतेक ठिकाणी एक आकडा पुरतो: १/१०० सेकंद. तो कुठे पुरत नाही आणि का, हे मात्र नीट समजून घ्यायला हवं, कारण सणाच्या रोषणाईत एकाच फ्रेममध्ये चार जातींचे दिवे असतात.

दिवा काय करतो, सेन्सर काय करतो

आपली वीज ५० हर्ट्झची. सेकंदाला ५० आवर्तनं, आणि प्रत्येक आवर्तनात प्रवाह दोन्ही दिशांनी एकेकदा वाहतो. दोन्ही वेळा दिवा उजळतो, मधे मंदावतो. म्हणजे सेकंदाला १०० वेळा उजेड-अंधार, एक फेरी १० मिलिसेकंदांची. जुन्या हॅलोजनची तार इतकी तापलेली असते की मधल्या क्षणात ती फारशी निवत नाही, म्हणून हॅलोजनखाली हा त्रास नगण्य. एलईडी प्रवाह थांबताच विझतो. ड्रायव्हरमध्ये (एलईडीला वीज पुरवणाऱ्या सर्किटमध्ये) पुरेसा कपॅसिटर (वीज साठवणारा भाग) असेल तर तो मधली दरी भरून काढतो. स्वस्त बल्ब आणि फ्लडलाइटमध्ये नेमका तोच वाचवलेला असतो.

आता सेन्सर. फोनचा सेन्सर सगळं चित्र एका क्षणात टिपत नाही, एकेक ओळ क्रमाने वाचतो. कॅमेऱ्याचं इलेक्ट्रॉनिक शटरही तसंच चालतं. समजा पूर्ण फ्रेम वाचायला १/२० सेकंद लागला, म्हणजे ५० मिलिसेकंद. तेवढ्या वेळात दिवा पाच वेळा मंदावतो, म्हणून फोटोत पाच पट्टे. याच हिशोबाने आपला सेन्सर किती वेगाने वाचतो तेही काढता येतं: अशा दिव्याखाली १/१००० ला फोटो काढा, पट्टे मोजा, त्या संख्येला १० ने गुणा. येतील तेवढे मिलिसेकंद.

प्रत्येक ओळीला बरोबर १० मिलिसेकंद उजेड मिळाला तर ती कधीही सुरू झाली तरी एक पूर्ण फेरी तिच्या पदरात पडते. कुठलीच ओळ उपाशी राहत नाही. १/५० ला दोन फेऱ्या, १/२५ ला चार. १/१२५ ला मात्र फेरीचा पाचवा हिस्सा कापला जातो आणि फिकट पट्टे दिसू लागतात. १/५०० ला फेरीचा जेमतेम पाचवा हिस्सा मिळतो, तिथे काळे पट्टे.

इथे एक चूक फार जण करतात. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची आहे, त्यामुळे तिकडच्या शिकवणीच्या व्हिडिओंत १/६० आणि १/१२० सांगतात. मुंबईत १/६० म्हणजे एक पूर्ण फेरी आणि वर दोन-तृतीयांश. हा उरलेला तुकडाच पट्टा बनतो.

आधी खात्री करा की पट्टे दिव्याचेच आहेत

फोन आडवा धरून एक फोटो, उभा धरून दुसरा. पट्टे सेन्सरच्या लांब बाजूला समांतर असतात, म्हणून आडव्या फोनमध्ये आडवे आणि उभ्यात उभे दिसतील. फोनबरोबर वळले तर दोष शटरच्या वेळेचा. दृश्यातच राहिले तर ती खरोखरची सावली आहे, एखाद्या पार लाइटची (स्टेजच्या झोतदिव्याची) किंवा कमानीची.

शटर १/५० करून पाहा. तरीही बारीक लहरीदार जाळी हलत नसेल आणि मूर्तीमागे एलईडी वॉल असेल, तर ते मोआरे आहे. वॉलच्या ठिपक्यांची जाळी आणि सेन्सरच्या पिक्सेलची जाळी एकमेकींवर पडून ती नक्षी होते, शटरशी तिचा संबंध नाही. अंतर थोडं बदला, फोकस मूर्तीच्या डोळ्यांवर ठेवून अ‍ॅपर्चर (लेन्समधलं उजेड आत घेणारं छिद्र) उघडा, म्हणजे वॉल धूसर होऊन जाळी विरघळते.

आणि एडिटिंगमध्ये सावल्या खूप उचलल्यावरच रेघा दिसत असतील तर तो सेन्सरचा नॉइज. त्याला उपाय एकच, काढतानाच पुरेसा उजेड घेणे.

फोनवर

फोनच्या बाबतीत एक गोष्ट उलटी वाटते: अंधाऱ्या गल्लीत पट्टे येत नाहीत, झगमगीत मांडवात येतात. फोनचं अ‍ॅपर्चर बहुतेक वेळा कायमचं एकच असतं आणि आयएसओ (सेन्सरची उजेडाबाबतची संवेदनशीलता) एका मर्यादेखाली उतरत नाही. उजेड फार झाला की ऑटो मोडकडे शटर वेगवान करण्यावाचून मार्ग उरत नाही. ५० हर्ट्झची जाण फोनला असते आणि जमेल तोवर तो १० मिलिसेकंदांच्या पटीत राहायचा प्रयत्न करतो, पण एलईडी वॉलसमोर तो १/१०० च्या पुढे ढकलला जातो.

यावर बहुतेक जण स्क्रीनवर बोट ठेवून सूर्याचं चिन्ह खाली ओढतात. मूर्तीचे दागिने फुटत असतात म्हणून ते करणं साहजिक, पण त्याने शटर आणखी वेगवान होतं आणि पट्टे गडद होतात.

अँड्रॉइड फोनमध्ये प्रो मोड असेल तर शटर १/१०० वर अडकवा, आयएसओ सगळ्यात खाली न्या आणि तिथून उजेड लागेल तसा चढवा. रांगेत असतानाच हे करून ठेवा. मूर्तीसमोर पोहोचल्यावर मेनू शोधायला कोणी थांबू देत नाही. सगळ्यात खालच्या आयएसओलाही चित्र पांढरं पडत असेल तर लेन्स बदला. मुख्य कॅमेरा एफ/१.८ च्या आसपासचा असेल आणि टेलिफोटो एफ/२.८ किंवा त्याहून बारीक, तर टेलिफोटोला निम्म्याहूनही कमी उजेड मिळतो, म्हणजे १/१०० वर टिकून राहणं सोपं. त्यानंतरचा उपाय क्लिपने लागणारा एनडी फिल्टर, म्हणजे उजेड कमी करणारी काळपट काच. एनडी ४ ने उजेड चौथाई होतो, मांडवासाठी तेवढा बस.

एचडीआर बंद करा. त्यात फोन वेगवेगळ्या उजेडाच्या अनेक फ्रेम घेऊन जोडतो आणि त्यातल्या वेगवान फ्रेममध्ये पट्टे असतात. त्यामुळे बाकी फोटो स्वच्छ आणि फक्त मुकुट किंवा दिव्यांच्या जवळचा भाग पट्टेरी, असा विचित्र प्रकार दिसतो. नाइट मोडमध्ये प्रत्येक फ्रेमला जास्त वेळ मिळतो, म्हणून तिथे त्रास कमी. पण गर्दीत धक्के बसत असताना नाइट मोडचा फोटो हलतो.

आयफोनच्या मूळ कॅमेरा अ‍ॅपमध्ये शटर हाताने ठरवता येत नाही. फोटोसाठी हॅलाइडसारखं अ‍ॅप लागेल. व्हिडिओसाठी ब्लॅकमॅजिक कॅमेरा फुकट आहे, अँड्रॉइडवरही मिळतं.

कॅमेऱ्यावर

पहिली तपासणी: सायलेंट मोड चालू आहे का? आवाज नको म्हणून किंवा शटर झिजू नये म्हणून अनेक जण मिररलेस कॅमेरा कायम इलेक्ट्रॉनिक शटरवर ठेवतात. दिवसा चालून जातं, मांडवात तेच अंगाशी येतं. शटरचा प्रकार मेकॅनिकल किंवा इलेक्ट्रॉनिक फर्स्ट कर्टन करा. ‘ऑटो’वर सोडू नका.

मेकॅनिकल शटरचा पडदा साधारण १/२५० सेकंदात, म्हणजे ४ मिलिसेकंदांत फ्रेम ओलांडतो. दिव्याच्या फेरीच्या निम्म्याहूनही कमी वेळ. म्हणून इथे अनेक पट्टे दिसत नाहीत, दुखणं वेगळ्या रूपात येतं: बर्स्टमधली (बटण दाबून धरल्यावर सलग निघणाऱ्या फोटोंमधली) एक फ्रेम उजळ, पुढची मंद, तिसरीचा खालचा अर्धा भाग तांबूस. टर्फवर रात्री बॉक्स क्रिकेटचे फोटो काढणाऱ्यांना हे चांगलंच परिचयाचं असेल. मेटल हॅलाइडच्या जुन्या फ्लडलाइटखाली तर फेरीच्या वेगवेगळ्या टप्प्यांवर रंगही बदलतो, आणि व्हाइट बॅलन्स कितीही कुलूपबंद केला तरी फ्रेमगणिक रंग फिरतो.

स्थिर मूर्तीसाठी शटर प्रायॉरिटी किंवा मॅन्युअल, १/१००, ऑटो आयएसओ, अ‍ॅपर्चर एफ/२.८ ते एफ/४. ५० मिलिमीटरपर्यंतच्या लेन्सला १/१०० हातात सहज पेलतो. आयएसओही खाली येतो: १/४०० वरून १/१०० वर आलात की चौपट उजेड, म्हणजे आयएसओ ३२०० च्या जागी ८००.

ढोल-ताशा किंवा टर्फसाठी १/१०० चालणार नाही, टिपरूची (वाजवायच्या काठीची) हालचाल गोठवायला १/५०० तरी हवा. तिथे अँटी-फ्लिकर. कॅननने ही सोय २०१४ च्या ७डी मार्क टू मध्ये आणली. कॅमेरा दिव्याची लय ओळखतो आणि उजेड शिगेला असतानाच शटर सोडतो. कॅननच्या शूटिंग मेनूत ‘अँटी-फ्लिकर शूट’, सोनीत ए७ थ्री आणि नंतरच्या अनेक बॉडींत याच आशयाचं नाव, निकॉनच्या डी५००, डी८५० वगैरेंमध्ये फोटो शूटिंग मेनूत ‘फ्लिकर रिडक्शन’. निकॉनमध्ये याच नावाचं दुसरं सेटिंग व्हिडिओ आणि लाइव्ह व्ह्यूसाठी वेगळं असतं, ५० की ६० हर्ट्झ विचारणारं. ते चालू करून फोटो सुधारण्याची वाट पाहत बसू नका.

अँटी-फ्लिकरची किंमत दोन प्रकारे मोजावी लागते. बटण दाबल्यापासून शटर पडेपर्यंत किंचित उशीर होतो, आणि बर्स्टचा वेग थोडा उतरतो. ती ओळखते फक्त १०० आणि १२० हर्ट्झची लय. आणि बहुतेक बॉडींत ती इलेक्ट्रॉनिक शटरबरोबर चालत नाही, त्यामुळे सायलेंट मोड चालू असेल तर मेनूतली ओळ करडी दिसते.

निकॉन झेड८, झेड९ किंवा सिग्मा एफपीमध्ये मेकॅनिकल शटर मुळातच नाही. पैकी दोन्ही निकॉनचा सेन्सर इतका झपाट्याने वाचतो की पडद्याच्या शटरशी बरोबरी होते. एफपीवर मात्र १/१०० आणि १/५० हेच खरे.

१/१०० लाही पट्टे राहिले तर

बहुतेक मार्गदर्शन इथे संपतं आणि खरा घोळ इथेच सुरू होतो.

गल्लीभर सोडलेल्या राइस लाइटच्या माळा पाहा. २३० व्होल्टच्या काही स्वस्त माळांमध्ये पूर्ण रेक्टिफायर नसतो, एकाच दिशेचा प्रवाह एलईडीतून जातो. अशी माळ सेकंदाला १०० नव्हे, ५० वेळाच पेटते आणि निम्म्याहून जास्त वेळ पूर्ण विझलेली असते. तिची फेरी २० मिलिसेकंदांची. १/१०० ला काही माळा भर उजळ तर काही अर्धवट दिसतात. म्हणून रस्त्यावरच्या रोषणाईसाठी १/५०, हात स्थिर असेल तर १/२५.

पिक्सेल एलईडी, म्हणजे रंग धावणारी कमान किंवा प्रभावळ, हा तिसरा प्रकार. हे दिवे डीसीवर चालतात, पण आत बसलेली चिप प्रत्येक रंग पटापट चालू-बंद करून त्याची तीव्रता ठरवते. सर्वसाधारण चिपमध्ये हे सेकंदाला ४०० वेळा किंवा त्याहून जास्त होतं. लाल, हिरवा, निळा वेगवेगळे विझत असल्याने पट्टे बारीक, दाट आणि रंगीत दिसतात. स्टेजच्या पार लाइटचंही असंच. दिवा पूर्ण तेजाने लावला की पट्टे नसतात, मंद केला की येतात. मंडळात ओळख असेल तर लाइटवाल्याला दिवे मंद करण्याऐवजी कमी संख्येने पण पूर्ण तेजाने लावायला सांगा. फोटो आणि व्हिडिओ काढणाऱ्या सगळ्यांचं भलं होईल. ते शक्य नसेल तर शटर जितकं मंद तितकं बरं: १/५० ला ४०० हर्ट्झच्या आठ फेऱ्या मावतात आणि उरलासुरला तुकडा त्यात हरवून जातो.

या बारीक पट्ट्यांसाठी सोनीच्या ए१, ए७ फोरमध्ये ‘व्हेरिएबल शटर’ आहे, कॅनन आर३ आणि निकॉन झेड८, झेड९ मध्ये उच्च वारंवारतेच्या फ्लिकरसाठी वेगळी सोय आहे. त्यात शटर अगदी बारीक पायऱ्यांनी बदलता येतं. व्ह्यूफाइंडरमध्ये पाहत चाक फिरवायचं आणि पट्टे रुंद होत होत विरले की थांबायचं.

दादरच्या फलाटावरचा इंडिकेटर फोटोत अर्धवट येतो, गाडीची वेळ वाचताच येत नाही, त्याचं कारण जवळचंच. बोर्डातल्या सगळ्या ओळी एकदम पेटत नाहीत, आळीपाळीने पेटतात. शटर १/३० ठेवा, अक्षरं पूर्ण उमटतील.

आगमन किंवा विसर्जनाच्या मिरवणुकीत दिवे जनरेटरवर असतात. साउंडचा भार पडला की इंजिन क्षणभर दबतं आणि वारंवारता ५० वरून एखाद हर्ट्झ इकडेतिकडे होते. १/१०० च्या फोटोत यातून उरणारा फरक दोन टक्क्यांच्या घरातला, डोळ्याला जाणवत नाही. पण अँटी-फ्लिकर अधूनमधून लय चुकते, तेव्हा महत्त्वाच्या क्षणाच्या तीन-चार फ्रेम जास्त घ्या.

व्हिडिओ

सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५०, किंवा ५० फ्रेम आणि १/१००. कॅमेऱ्याच्या मेनूत व्हिडिओ सिस्टीम पाल (५० हर्ट्झच्या देशांची पद्धत) करा. आयफोनमध्ये सेटिंग्ज, कॅमेरा, रेकॉर्ड व्हिडिओ या वाटेने जाऊन ‘शो पाल फॉरमॅट्स’ चालू केलं की २५ चे पर्याय दिसतात. ३० फ्रेमलाही १/५० किंवा १/१०० हाताने अडकवलं तर पट्टे येत नाहीत; महत्त्व शटरला आहे.

स्लो मोशनमध्ये गणित अडतं. १२० फ्रेमला एका फ्रेमच्या वाट्याला जास्तीत जास्त ८.३ मिलिसेकंद येतात, फेरी १० ची. कितीही खटपट केली तरी लुकलुक राहणारच. गुलाल उधळतानाचा स्लो मोशन हवाच असेल तर कॅमेरा पालवर ठेवून १०० फ्रेम, शटर १/१००. फोनवर २४० फ्रेमचा नाद रात्री सोडा, तो दिवसाच्या उजेडातल्या मिरवणुकीसाठी राखून ठेवा.

घरच्या मखरासाठी

घरी तर दिवे आपल्या हातात असतात, मग मुळावरच घाव घालता येतो. २३० व्होल्टची रोप लाइट टाळा, तिच्यात १०० हर्ट्झची लुकलुक जवळपास ठरलेली. १२ व्होल्टची एलईडी पट्टी आणि एसएमपीएस अ‍ॅडॉप्टर घ्या. तिचा उजेड स्थिर असतो. मीटरला ६० एलईडी असलेली ५०५० पट्टी मीटरमागे १४.४ वॅट खाते. पाच मीटरच्या गुंडाळीला ७२ वॅट, म्हणजे ६ अँपिअर. अ‍ॅडॉप्टर ८ ते १० अँपिअरचा घ्या, नाहीतर तो तापतो आणि व्होल्टेज खाली बसतं. रिमोटचा कंट्रोलर मधे जोडलात की मंद करताना पुन्हा पट्टे येतील. उजेड जास्त वाटला तर पट्टी ट्रेसिंग पेपरमागे लपवा.

बल्ब घेताना लोहार चाळीत (मुंबईतल्या विजेच्या सामानाच्या बाजारात) दुकानातच तपासता येतं. बल्ब पेटवायला सांगा, फोन प्रो मोडमध्ये १/२००० वर ठेवून पांढऱ्या भिंतीकडे किंवा पुठ्ठ्याकडे धरा, थेट बल्बकडे नको. स्क्रीनवर पट्टे सरकताना दिसले तर दुसरा मागा. दुकानातले बाकीचे दिवे मधे येऊ नयेत म्हणून पुठ्ठा बल्बच्या अगदी जवळ धरायचा.

पट्टे आलेल्या फोटोंचं काय

एकट्या फोटोतून ते पूर्ण काढता येत नाहीत. लाइटरूममध्ये प्रत्येक पट्ट्यावर लिनियर ग्रेडियंट टाकून एक्स्पोजर थोडं उचलता येतं. पट्टे दोन-तीनच आणि रुंद असतील तर मेहनत फळते. रंगाचा फरकच खटकत असेल तर फोटो कृष्णधवल करा, निम्मा त्रास जातो. फोन किंवा कॅमेरा स्थिर ठेवून तीच फ्रेम आठ-दहा वेळा घेतलेली असेल तर मात्र छान सुटका होते: फोटोशॉपमध्ये सगळ्या फ्रेम एका स्मार्ट ऑब्जेक्टमध्ये घालून स्टॅक मोड ‘मीन’ करा. प्रत्येक फ्रेममध्ये पट्टे वेगळ्या जागी असल्याने सरासरीत ते पुसले जातात, आणि नॉइजही उतरतो.

व्हिडिओसाठी दाविंची रिझॉल्व्हमध्ये ‘डीफ्लिकर’ आहे, त्यात ‘फ्लुओरो लाइट’ निवडा. तो फक्त पैसे भरून घ्यायच्या स्टुडिओ आवृत्तीत मिळतो. फिकट, सरकते पट्टे तो चांगले घालवतो. काळेकुट्ट पट्टे असतील तर नाही, कारण त्या ओळींमध्ये मुळात काही टिपलंच गेलेलं नसतं.